काळ्या पिशवीखालची बाटली

आमच्या सिस्टरला बसायचं कसं ते कधी कळलंच नाही. थकली की सरळ माझ्या हातावर टेकायची. हात काय बसायला असतो? आता तो तडकलाय. पण मित्रांनो, तडा मी पोटात घातला असता. त्यामागचं कारण मात्र घशाखाली उतरत नाही.

मी एक जुनी खुर्ची आहे, दवाखान्यातली, पाठ मागे पडणारी. शाळा पाहिली ती टेम्पोतून इथे येताना, तीही रस्त्यावरून. पण माणूस टेकला की त्याचा ताप आणि त्याची भीती मला पाठीतून कळते. माझ्या रेक्झिनला दुहेरी टाका आहे, अजून उसवलेला नाही. शेजारची चाकांची खुर्ची माझ्यानंतर आली, माझी धाकटी जाऊच म्हणा. मिरवते फार, पण पाठ टाकायची म्हटलं की अडते.

वर्षानुवर्षं मी रक्त देणाऱ्यांना टेकू दिला. लोक जाताना मला थोपटायचे. मग तो नवा आजार आला आणि शहाण्यांचीही मती गुंग झाली. एक नवं औषध निघालं. त्याने खरंच गुण येतो का, हे पाहायला आमच्या खोलीत चाचणी सुरू झाली. राजी असलेल्या आजाऱ्यांपैकी निम्म्यांना सलाइनमधून औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते फक्त आतल्या औषधांच्या खोलीला ठाऊक. बाटलीवर काळी पिशवी, नळीवरही काळं वेष्टण. मला ते खूळच वाटलं.

डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "कळलं की आपण आपल्याला हवं तेच बघतो. म्हणून मलासुद्धा कळायला नको."

एके दिवशी बस चालवणारा एक तरुण तापाने फणफणत आला. तो सिस्टरचा सख्खा धाकटा भाऊ. तिने हे कुणालाच सांगितलं नाही. तो तिला ताई म्हणाला, पण तिला सगळेच ताई म्हणत. तो जावेवर बसला आणि माझ्यावर एक शिंपीणमावशी.

"ताई, मला खरं औषध दे हं. पाणी मी घरी पितो," तो म्हणाला.

"गप बस, बाळ्या!"

"पाणी माझ्याच वाट्याला येणार बघा," मावशी हसल्या. "माझा नंबर आला की खिडकी बंद होते."

सिस्टर दोन बाटल्या घेऊन आली. दाराकडे पाठ करून तिने पिशव्या हळूच वर केल्या. औषध पिवळसर होतं, पाणी स्वच्छ. भावाची बाटली स्वच्छ निघाली. तिने बाटल्यांची अदलाबदल केली, पिशव्या खाली ओढल्या आणि हसऱ्या तोंडाने सुया टोचल्या. माझ्या स्प्रिंगा जागच्या जागी आवळल्या. हिने? रोज आमची धूळ पुसणाऱ्या हिने?

बाटल्या संपल्या. मावशी उठून पाणी प्यायल्या. आणि बाळ्याने छाती धरली.

जावेची पाठ मागे जाईना, म्हणून त्याला माझ्यावर आडवं केलं. त्याचं काळीज माझ्या पाठीशी धावत होतं, अडखळत होतं, मध्येच थांबत होतं. डॉक्टरीणबाईंनी आतल्या खोलीला फोन लावला. "याला काय दिलं होतं?"

"पाणी," उत्तर आलं.

"म्हणजे आजार हृदयापर्यंत गेला. औषध मिळालं नाही म्हणूनच! सिस्टर, खरी बाटली लावा, लवकर!"

मित्रांनो, मी हादरले. ज्याने त्याचं काळीज अडखळत होतं, तेच पुन्हा त्याच्या नसेत जाणार होतं! आणि दोष जाणार होता बिचाऱ्या पाण्याला.

पिवळी बाटली आली. ती हातात घेऊन सिस्टर माझ्या हातावर मटकन बसली. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून करकरले. हात कडाड्‌कन तडकला. ती दचकून उठली आणि किंचाळली, "नको! त्याला हेच दिलंय! मी बाटल्या बदलल्या, तो माझा भाऊ आहे!"

मग धावपळ झाली. ती बाटली बाजूला गेली, दुसरे उपचार सुरू झाले. दिवे लागायच्या वेळी ते काळीज माझ्या पाठीशी पुन्हा सरळ चालू लागलं.

पुढे आणखी काहींच्या छातीत तसंच झालं, तेव्हा ते औषधच बंद केलं. ही गप्प राहिली असती तर? मावशी बऱ्या झाल्या त्या औषधाने आणि बाळ्या पडला तो पाण्याने, असंच धरलं गेलं असतं. मग ते विष किती घरांत गेलं असतं!

मावशींना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या वाटचं चोरलंस, आणि भोगलं तुझ्याच माणसानं."

मित्रांनो, खुर्चीच्या हातावर बसू नका आणि विश्वासाने झाकून दिलेलं उघडू नका.

सिस्टरचं हे काम गेलं. शेवटच्या दिवशी ती चिकटपट्टी घेऊन आली, माझा हात तिने बांधला आणि अवघडून उभीच राहिली. तेव्हा मी मोठ्याने करकरले:

"उभी का? बस. हातावर नको, नीट मध्ये बस. चोरी केलीस ती मी मरेपर्यंत विसरायची नाही. पण वेळेवर तोंड उघडलंस, म्हणून बस म्हणतेय."