मेव्हणीच्या मगाचं जाकीट

त्याला भिंगरी हे नाव पोस्टातल्या मित्रांनी ठेवलं होतं आणि ते थेट सासुरवाडीपर्यंत पोचलं. जन्मभर दारोदार पत्रं वाटून माणूस रिटायर झाला, पण पायांना ते कुणी कळवलंच नाही. मागे मेव्हणीकडे राहायला गेला, तर दुसऱ्याच सकाळी तिचा बरा चाललेला नळ "बघतो जरा" म्हणत खोलून बसला. साडूला टॉवेल गुंडाळून शेजाऱ्यांकडे आंघोळीला जावं लागलं.

म्हणून या वेळी बायकोने सांगून टाकलं, "धाकट्या बहिणीकडे मी एकटी जाणार. महिनाभर."

ती नसली की घर त्याला खायला उठायचं. मागच्या वेळी तर तो तिच्या चपला दारात मांडून ठेवायचा, कुणी विचारलं की "आत आहे" म्हणायचा.

"मला ने ना. बसेन एका जागी."

"तुम्ही? बसून दाखवा. धाकटीच्या मगाला कापडी जाकीट शिवायचंय, चहा गरम राहायला, आत कापूस, वर फुलं. कापून ठेवलंय सगळं, मापाला तिचा मगही आहे. मी दुकानात जाऊन येते, तोवर ती टॅक्सी घेऊन येईलच. सोफ्यावरून न उठता शिवलंत, तर तुमचीही बॅग भरते."

ती गेली. भिंगरीने सुईत दोरा ओवला, चांगला दुहेरी, आणि धावदोरा घालायला लागला. पडदा वाकडा दिसत होता. फ्रिज गुरगुरत होता, त्याच्या मागे नक्की काहीतरी सैल झालं होतं. तो उठला नाही. उजवा पाय वर घेतला, खाली सोडला, डावा घेतला, मांडी घातली, मोडली. दर वेळी सोफ्याचं कव्हर थोडं थोडं मांडीवर गोळा होत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. माप नीट बसावं म्हणून त्याने तो मग गुडघ्यांत पकडला आणि जाकीट मगावरच शिवायला घेतलं. सुई जड जात होती. कापूस चांगला भरलाय बायकोने, असं कौतुक करत त्याने जोर लावला.

शेवटची गाठ मारली आणि आनंदाने उठायला गेला. सोफाही उठायला लागला.

खाली बघितलं. जाकीट पायजम्याला, पायजमा कव्हरला, आणि मधे मग, चौघांची पक्की सोयरीक. कात्री टेबलावर. दोरा दातांनी तोडावा तर तोंड तिथवर जाईना. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. त्याने उशी मांडीवर ओढली.

दोघी बहिणी एकदमच आत आल्या.

"हे भाऊजीच आहेत ना?" मेव्हणीने विचारलं.

"तेच आहेत गं," बायको हळूच म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "शिवलंत?"

"शिवलं. फार पक्कं."

"बघू."

"नंतर. बसू दे जरा."

आता मात्र बायको घाबरली. तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "अहो, छातीत दुखतंय का? एका जागी म्हणून कधी बसत नाही तुम्ही अन् आज..."

"काही दुखत नाही. बसायला आवडतंय मला."

"डॉक्टरांना फोन लाव गं," ती बहिणीला म्हणाली. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

तेवढ्यात टॅक्सीवाल्याने बेल वाजवली. जन्मभर दुसऱ्यांच्या बेली वाजवलेला माणूस, बेल ऐकून बसून राहणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तो उठला. उशी उडाली, कव्हर सर्रकन निघून मागे आलं आणि मांडीवर मग घंटेसारखा डुलायला लागला.

बायकोने डोळे पुसले आणि कात्री उचलली. तिच्या चेहऱ्यावरून बॅग काही भरली जाईल असं दिसत नव्हतं.

"थांब, कापू नकोस," मेव्हणी म्हणाली. ती वाकून टाके बघत होती. "एवढा डुलला तरी मग निसटला नाही. आणि भाऊजी हलले की कळतं. माझ्या नळापाशी गेले तर सोफ्याचं कव्हरच सांगेल."

"असेच न्यायचे?"

"असेच."

भिंगरी टॅक्सीकडे निघाला तेव्हा मागे कव्हरची टोकं धरून बायको जिना उतरत होती, आणि तिच्या दुसऱ्या हातात त्याची भरलेली बॅग होती.