दुसऱ्या पोर्टवरची पट्टी

“अजून एकदा वाजवून बघा ना, मानोंग.”

फेलिमोनने चष्मा कपाळावर चढवला आणि आर्लिनकडे पाहिलं. ऑफिसातल्या साऱ्या जणी त्याला मानोंग, म्हणजे दादा, म्हणायच्या. तिचं हे तिसऱ्यांदा सांगणं होतं. टेबलावरचा नवा काळा फोन त्याने दोनदा वाजवून दाखवला होता. त्याआधी अगदी पहिल्यांदा मात्र तो वाजला नव्हता आणि आर्लिनच्या मनात नेमकं तेच रुतून बसलं होतं. कारण साधं होतं. ‘त्रास देऊ नका’चं बटण दाबलेलं राहिलं होतं, त्यामुळे फोन आलेले कॉल मुकाट्याने गिळत होता.

“इंदाय, पोरी, एवढी काळजी माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यानं केली नव्हती,” असं म्हणत तो हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या फोनपाशी गेला. फोन वाजला. तिने उचलला, पलीकडून त्याचा आवाज आला. “दोनशे चौदा? जेवलात का? काय जेवलात?”

प्रत्येक फोनची त्याची चाचणी हीच. आर्लिनने विचारलं तेव्हा म्हणाला होता, की एकाच ‘हो’वरून लाइनचं काही कळत नाही. जेवणाचं विचारलं की माणूस लांबण लावतो आणि तेवढ्यात आवाज तुटतोय का, एकाच बाजूने जातोय का, सगळं ऐकून होतं. आर्लिनने भात आणि सुका मासा सांगितला, वर लिंबू पिळलं होतं तेही सांगितलं.

सत्तावीस वर्षं तो इलोइलो शहराच्या रस्त्यांवर तांब्याच्या तारा जोडत खांबांवर चढला होता. तारा गेल्या, खांब उरले. त्रेपन्नाव्या वर्षी त्याने इंटरनेटवरचे फोन लावायला शिकून घेतलं. एकेक पायरी शाळकरी वहीत लिहिलेली, ती वही खिशात. फोन बसवणाऱ्या कंपनीत तो कंत्राटावर होता. कमरेला मात्र जुना चामड्याचा पट्टा अजून असायचा. मजल्याची प्रमुख मिस व्हिलारुझ पहिल्याच दिवशी त्याच्या देखत म्हणाली होती, की खांबावरच्या माणसाला इंटरनेटचं काय कळणार. त्यावर तो हसून म्हणाला, “तरुणपणी खांबावर चढलो, मॅडम. आता टेबलाखाली शिरतो. वयाप्रमाणे खालीच यायचं असतं.”

सगळे हसले. आर्लिनला मात्र त्याचे कान लाल झालेले दिसले. असलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे.

ऑफिस विमा कंपनीचं होतं. गावोगावच्या दवाखान्यांचे फोन यायचे, आर्लिनसारख्या तीस जणी कागद तपासून उपचारांना मंजुरी द्यायच्या. रुग्णांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून मोबाइल दाराशीच लॉकरमध्ये ठेवावे लागत. टेबलावरच्या फोनवरून बाहेर फक्त दवाखान्यांचेच नंबर लागत. म्हणजे सकाळी सात ते दुपारी चार, आर्लिनपर्यंत पोहोचायची वाट एकच: कुणीतरी ऑफिसचा नंबर फिरवून दोनशे चौदा, हा तिच्या टेबलाचा आकडा, मागायचा. ओतोन गावातल्या घरी तिच्या आईने तो आकडा तांदळाच्या दुकानाच्या कॅलेंडरवर तांबड्या पेनाने लिहून ठेवला होता.

दोन महिन्यांपूर्वी मिकाला, तिच्या चौदा महिन्यांच्या मुलीला, तापात झटका आला होता. डोळे वर गेलेले, हात लाकडासारखे. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना येतो, घाबरू नका. दोन मिनिटांत थांबलाही. पण आर्लिनची ती दोन मिनिटं अजून सरली नव्हती. नवरा जहाजावर, सप्टेंबरपर्यंत येणार नव्हता. नोकरी कच्ची होती. सहावा महिना पुरा व्हायला नऊ दिवस उरले होते, मग कायम. दोन रजा आधीच झाल्या होत्या.

गुरुवारी पहाटे मिकाचं अंग तापलं. अडतीस पूर्णांक पाच सेल्सिअस. व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलेलं फडकं पोरीच्या काखेत ठेवत आई म्हणाली, “तू जा. मी नऊला ताप मोजते आणि फोन करते.”

नऊ वाजले. नऊ दहा. नऊ वीस. आर्लिनने रिसीव्हर उचलून पाहिला, आवाज येत होता. ते बटण पाहिलं, दाबलेलं नव्हतं. मिकाच्या तापाचं आणि कच्च्या नोकरीचं तिने सकाळीच फेलिमोनला सांगितलं होतं. उरलेले दोन फोन लावून तो नऊच्या सुमाराला खाली गेला होता. त्याला हाक मारायला हवी होती, असं तिच्या मनात आलं. मधल्या सुट्टीला, लॉकर उघडायला, अजून दीड तास होता.

तिने फोन उलटा केला. पाठीला केबल लावायचे दोन पोर्ट होते. एकातली केबल भिंतीत जात होती. दुसऱ्यातली एरवी तिच्या संगणकाला लागायची, पण संगणक आदल्या संध्याकाळी दुरुस्तीला गेला होता आणि ती आज कागदी अर्ज लावत बसली होती. ती केबल टेबलाखाली नुसतीच लोंबत होती. भिंतीत तिच्या मापाचं एक सॉकेट रिकामं होतं.

तिला एकदम हायसं वाटलं. हेच राहिलंय! ती वाकली आणि तिने ती केबल भिंतीत लावली. खट्.

मिनिटभरात शेजारच्या चारितचा संगणक अडकला. मग पलीकडच्या ओळीतला. मग एकेका फोनच्या पडद्यावर ‘सेवा उपलब्ध नाही’ अशी अक्षरं उमटत गेली. हॉलमध्ये इतकी शांतता पसरली, की पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. आर्लिनने आपल्या केबलला हात लावून पाहिला. ती घट्ट होती. निदान आपलं तरी नीट लावलेलं आहे, सगळ्यांचं सुरू झालं की आपलाही लगेच लागेल, असं मनाशी म्हणत ती बसून राहिली.

फेलिमोनला परत बोलावलं गेलं. तो एकेका टेबलाखाली शिरून केबल काढायचा, पाहायचा, परत लावायचा. एका दवाखान्याचा माणूस मोटरसायकलवरून कागद घेऊन आला, त्यांचा रुग्ण शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर ताटकळत होता. मिस व्हिलारुझचे बूट हॉलभर टकटकत होते. खांबावरच्या माणसाबद्दल ती आता मोठ्याने बोलत होती.

साडेदहा होत आले तेव्हा तो आर्लिनच्या टेबलापाशी पोहोचला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

“माझं बघायला नको, मानोंग,” ती हळूच म्हणाली. “मीच नीट लावलंय. एक तार लोंबत होती.”

तो गुडघ्यांवरच थांबला. “कधी लावलीस?”

“साडेनऊला.”

तो खाली शिरला. मग टेबलाखालूनच त्याने विचारलं, “बाळाचा ताप किती आहे?”

“सकाळी साडेअडतीस होता. आईचा फोन यायचा आहे.”

खट् असा आवाज झाला. शेजारी चारितच्या फोनचा पडदा उजळला, मग पलीकडच्या ओळीतला. फेलिमोन केबलचं टोक हातात धरून बाहेर आला. तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, “फोनच्या दोन्ही तारा भिंतीत गेल्या, इंदाय. फोनमधून निघालेलं फिरून परत फोनमध्येच येत राहिलं. त्यात सगळ्यांचा रस्ता तुंबला.”

मिस व्हिलारुझ येऊन उभी राहिली. “ही कोणी लावली?”

आर्लिनचं तोंड उघडलं.

“मी, मॅडम,” फेलिमोन म्हणाला. “सकाळी आलो होतो ना, तेव्हा घाईत. चुकून.”

“सत्तावीस वर्षं हेच केलंत का?”

तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. आर्लिनला त्याचे कान दिसत होते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

आई रडत नव्हती, भराभर बोलत होती. नऊला मोजायचं राहिलं, पोर नुकतीच झोपली होती म्हणून. मग दहाला झटका आला. शेजारच्या ट्रायसिकल रिक्षाने आरोग्य केंद्रात आणलं, आता ठीक आहे, झोपली आहे. “किती वेळा फिरवला तुझा नंबर. कुणी उचलेचना. मला वाटलं, मीच आकडा चुकीचा लिहिलाय.”

मिस व्हिलारुझने चेहरा पाहूनच जायला सांगितलं. आर्लिन निघाली तेव्हा फेलिमोन ती केबल कोपरापासून पंजापर्यंत गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

ती सोमवारी परत आली. मिकाचा ताप शनिवारीच उतरला होता. हॉलच्या टोकाला दुसराच कोणी माणूस फोन तपासत होता. रिसीव्हरमध्ये तो म्हणायचा, “एक, दोन, तीन. एक, दोन, तीन.” लॉकरची किल्ली देताना दारावरच्या पहारेकऱ्याने तिला सांगितलं, की म्हाताऱ्याने अहवालात चूक स्वतःच्या नावावर लिहून दिली. फोन बसवणाऱ्या कंपनीने त्याचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. जाताना खालच्या फाटकावरचाही फोन त्याने तपासला आणि पहारेकऱ्याला जेवण विचारून गेला.

मंगळवारी ती मिस व्हिलारुझच्या दाराशी गेली. काय बोलायचं ते तिने रात्रभर घोकलं होतं. सुरुवात कशी करायची तेवढंच जमत नव्हतं.

“बरी आलीस,” मिस व्हिलारुझ म्हणाली आणि तिने एक कागद पुढे सरकवला. मुदत भरताच कायम करत असल्याचं पत्र होतं ते. “त्या दोन दिवसांची रजा मी धरलेली नाही. मलाही मुलं आहेत. बाळ बरं आहे ना?”

आर्लिन हो म्हणाली. पेनही तिथेच होतं. सही करून झाल्यावरसुद्धा ती थोडा वेळ उभी होती. मिस व्हिलारुझने वर पाहून विचारलं, आणखी काही? आर्लिनने नाही म्हणून मान हलवली.

जागेवर आल्यावर तिने फोन उलटा केला. संगणक अजून दुरुस्तीहून आला नव्हता. दुसऱ्या पोर्टवर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती, कडा नखाने दाबून बसवलेल्या. त्या गुरुवारी ती गेल्यावर त्याने लावली असणार. पट्टीवर निळ्या पेनाने, शाळकरी वहीतल्या त्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘इथे काही लावू नये.’ खाली तारीख होती. एक कोपरा सुटायला लागला होता.

टेबलं पुसणारी बाई फडकं घेऊन आली आणि म्हणाली, “ही घाण काढून टाकू का?”

“राहू दे,” आर्लिन म्हणाली आणि तिने तो कोपरा अंगठ्याने दाबून धरला.

नऊ वाजता फोन वाजला. आईच होती. ताप नाही, मिका लापशी खातेय, भिंतीवर थुंकतेय. मग आईने रोजचं विचारलं.

“जेवलीस का?”

अंगठा पट्टीवर तसाच ठेवून ती म्हणाली, “हो.”