ताईचं हसू पकडताना

“मेल्यांनी आमच्या ताईच्या नाकावर शिक्का मारला!”

शेजारचा एक्स-रेवाला असा किंचाळला की आमच्या गच्चीवरची कबुतरं उडाली, ती अजून परतलेली नाहीत. मी धावत गेलो. कम्प्युटरवर त्याच्या थोरल्या बहिणीचा स्क्रीनशॉट होता आणि तिच्या नाकावरून आडवी पट्टी: ‘पूर्ण आवृत्ती विकत घ्या’.

ताई राहते सातासमुद्रापार. गालातली गाठ काढायची होती आणि डॉक्टरांनी आधीच बजावलेलं, चेहऱ्याची एक बाजू पुढे हलणार नाही. ऑपरेशन उद्या. म्हणजे ताईचं ते गडगडाटी हसू आज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर शेवटचं. जन्मभर लोकांची हाडं टिपलेल्या या माणसाकडे बहिणीच्या हसण्याचा एक फोटो नव्हता. म्हणून कॉल चालू असताना पडदा टिपून ठेवणारा प्रोग्राम तो सकाळपासून शोधत होता.

कीबोर्डवरचं बटण दाबलं की चित्र कुठे गडप व्हायचं, देव जाणे. दुसरा प्रोग्राम चित्र परस्पर कंपनीकडे पाठवायचा.

“आमची ताई कुणाच्या तरी गोदामात? जमणार नाही!”

“अहो, हा प्रोग्राम बघा,” त्याची बायको म्हणाली. “फुकट आहे. ओपन सोर्स.”

“फुकट? मग नक्की काहीतरी काळंबेरं असणार.”

“असेल तर दिसेल की! आतला सगळा कोड उघडा ठेवलाय. कुणीही वाचा, चुका काढा, दुरुस्त करा. तुमच्यासारखी खुसपटं काढणारी ढीगभर माणसं आहेत तिथे.”

त्याने त्या प्रोग्रामचं पान उघडलं. कुणीतरी तक्रार केली होती, चित्रावर काढलेला बाण तिरका उमटतो. भलत्याच देशातल्या कुणीतरी तो सरळ करून दिला होता. खाली नुसतं ‘आभार’. एक्स-रेवाल्याने चष्मा काढला.

“यांना पगार कोण देतं?”

“कुणीच नाही.”

“मग का करतात?”

बायकोने प्रोग्राम उतरवून घेतला.

संध्याकाळी ताई पडद्यावर आली, हसतच. एक्स-रेवाल्याने बटणावर बोट ठेवलं आणि सवयीने गरजला, “श्वास रोखा! हलू नका!”

ताईने मुकाट्याने गाल फुगवून श्वास रोखला. फोटो आला तो बेडकाचा.

“बाळ्या, छातीचा एक्स-रे काढतोस काय रे मेल्या!” म्हणाली आणि जी हसली, की टेबलावरचा स्पीकर चालत कडेपर्यंत गेला.

“अहो, दाबा!” बायको ओरडली. यानेही हसत हसत दाबलं.

कॉल संपला. चित्रातलं हवं तेवढं कापून घ्यायला प्रोग्रामने चौकट दिली होती. त्याने ती नेमकी ताईभोवती ओढली, आणि हात थांबला.

इथे मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. चौकटीबाहेर, टिपलेल्या पडद्याच्या कोपऱ्यात, त्याचा स्वतःचा इवलासा चेहरा होता. तीच वर चढलेली भुवई. तीच एका बाजूला सरकलेली जिवणी. ताईचं हसू, जसंच्या तसं, त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर. आरशात माणूस दाढी करतो, हसत कुठे बसतो? त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं.

बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याने चौकटीची कड माउसने धरली आणि हळूहळू त्या कोपऱ्यापर्यंत ओढत नेली.