समुद्रात उभी केलेली गाडी

सासूबाईंची नजर वर्षभरात जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मग आधी मला समुद्र दाखवा. जन्मभर नुसता ऐकत आलेय."

ह्यांनी मित्राची गाडी मागून आणली आणि आम्ही तिघं निघालो. सासूबाईंना गर्दी सोसायची नाही, म्हणून ह्यांनी नकाशावरचं अगदी टोकाचं गाव निवडलं.

भर दुपारी पोचलो. एकच रस्ता, खाऱ्या वाऱ्यानं पोपडे सुटलेल्या भिंती. एका पडवीत दोघे भाऊ दोर वळत होते, पुढच्या दुकानात न्हावी स्वतःच्याच खुर्चीत घोरत होता. रस्ता संपला तिथे समुद्र असायला हवा होता. होता तो नुसता चिखल, नजर पोचेपर्यंत, आणि त्यात कुशीवर लवंडलेल्या होड्या.

"हाच का रे तो?" सासूबाईंनी डोळे बारीक करून विचारलं.

ह्यांचा चेहरा उतरला. आम्ही डोंगराकडची माणसं. समुद्र जागा सोडून जातो, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? "पुढे असेल," म्हणत ह्यांनी गाडी खाली वाळूवर घातली आणि थेट चिखलाच्या कडेला नेऊन लावली.

धक्क्यावर जाळं शिवत बसलेली बाई ओरडली, "अहो दादा, गाडी समुद्रात कशाला उभी केलीत?"

"कुठाय समुद्र?" हे वैतागले.

"बाहेर गेलाय. येईल चहाच्या वेळेला. घरचाच आहे, जातोय कुठे!"

मला हसू आवरेना. ह्यांना मात्र अंधाराआधी घाट चढायची चिंता. गाडी धक्क्यापाशी आणून ते म्हणाले, "आई, पुन्हा कधीतरी येऊ."

'पुन्हा कधीतरी' म्हणजे काय, ते तिघांनाही कळत होतं. ह्यांनी गाडी बंद केली आणि आईला हात धरून उतरवलं.

त्या बाईनं पायरीवर पोतं अंथरलं. "बसा मावशी. माझी सासूही इथंच बसते, माझ्या चुका काढायला."

"मग फार उपयोगाची बाई आहे," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

पाणी आलं ते चोरपावलांनी. आधी चिखलातल्या घळी चमकल्या, मग एकेक होडी आळस देत सरळ झाली.

"काहीतरी उजळ हललं रे!"

"होड्या उठल्या, आई."

"मला कडेकडेचंच दिसतंय. मधलं तू सांग."

घरात दिवसाकाठी चार शब्द बोलणारा हा माणूस. आईशेजारी पायरीवर बसले आणि सांगतच सुटले. ही निळी होडी, हिचं टोक लाल. त्या हिरवीवर बगळा बसलाय. आता पाणी पायरीला लागलं, बघ. मधेच ते भराभर बोलायला लागायचे, आणि सासूबाई त्यांचा गुडघा थोपटायच्या.

"सावकाश सांग. मला कुठंही जायचं नाही."