गाभ्यातली वाफ

महिपतीचे डोळे गेले तेव्हा दिनानाथशेठने जो भेटेल त्याला एकच सांगितलं, की तो पिऊन कामाला आला होता. महिपती दारूला शिवतही नसे. पण रोह्याच्या त्या लाकडाच्या कारखान्यात शेठपुढे बोलणार कोण? प्रेसवर त्याच्या जोडीला असलेला पोपटसुद्धा मान खाली घालून बसला.

महिपतीची बायको नमिता शेठकडे गेली आणि नवऱ्याच्या जागी काम मागितलं. गावात नाव होईल म्हणून त्याने दिलं. त्याच प्रेसवर उभं राहून ती सगळं शिकली. तापलेल्या लोखंडी प्लेटांमध्ये ओल्या फळ्या दाबून वाळवायच्या. वरून फळी ठणठणीत कोरडी दिसते, पण गाभ्यातल्या पाण्याची वाफ होऊन आत कोंडते. दाब हळूहळू सोडला तर ती कडांनी निघून जाते. एकदम सोडला तर फळी फुटते, समोरचा माणूस भाजून निघतो. महिपतीला तसा दाब सोडायला लावलं होतं ते शेठनेच.

गणपती तोंडावर आले. पेणच्या मूर्तिकारांना पाट हवे होते, म्हणून शेठ स्वतः प्रेससमोर येऊन घाई करू लागला. नमिता याच दिवसावर टपून होती. सगळ्यात जाड, ओलीगच्च फळी तिने मुद्दाम त्याच्या बाजूला लावली होती.

"उघड गो लवकर."

तिने दाब सोडायच्या हँडलला हात घातला. मग मनात आलं, हा भाजला तर लोक याचीच कीव करतील. ती बाजूला झाली.

"आज तुमीच उघडा, शेठ. वरून वाळलीय फळी."

कामगार बघू लागले. शेठचा हात हँडलपर्यंत गेला आणि मागे आला. "आत वाफ हाय," तो पुटपुटला.

"मंग त्या दिवशी नव्हती?"

पोपटच पुढे झाला. "त्या दिवशी पन होती," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "महिपती नको म्हनत होता. तुमीच उघडायला लावलंत."

नमिताने दाब सावकाश उतरवला आणि पोपटला घेऊन सरळ पोलीस ठाणं गाठलं. त्याने जबाब दिला, गुन्हा दाखल झाला.

मग एका दुपारी शेठ माफी मागायला तिच्या दारात आला. तिने त्याला उन्हात ताटकळत ठेवलं. आतून महिपतीने विचारलं, कोण आलंय.

"कोन नाय," ती म्हणाली, आणि शेठच्या तोंडावर दार लावून घेतलं.