दादाचं चांगलं रक्त

माणसाचं भवितव्य त्याच्या रक्तात लिहिलेलं असतं, असं दादाने जाहीर केलं आणि सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर ऐसपैस मांडी घातली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते त्याच्या मते कोमट पाण्यात होतं.

दोघा भावांना हेपटायटिस बीचा विषाणू आईकडून जन्मतःच मिळाला होता. त्यातून पुढे यकृताचा कर्करोग होऊ शकतो, हे मामाने मरून सिद्ध केलं होतं. मग एका संशोधनासाठी दोघांनी रक्त दिलं. प्रतिकारशक्तीच्या एका जनुकाचा दादाकडे चांगला प्रकार निघाला, धाकट्याकडे वाईट. धोक्यातला फरक शंभरात दोन-चार जणांचा, दर सहा महिन्यांनी तपासणी दोघांनीही करायची, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दादाने त्यातला 'चांगला' एवढाच शब्द घरी आणला, अहवाल लॅमिनेट केला आणि स्वतःची तपासणी सोडली. धाकट्याला मात्र तो न चुकता घेऊन येई. थोरल्याला हे बघावंच लागतं.

आज आत बोलावलं, तर धाकटा दारातच थबकला.

"नको दादा. या वेळी काहीतरी निघणार."

"अरे, पोटावर गार जेली लावतात, संपलं. तुझ्या वहिनीने दोन्ही पोरं याच मशीनवर बघितली, हसत हसत."

"त्यात पोरं होती, दादा."

"हो बाजूला." दादा शर्ट वर करून टेबलावर आडवा झाला. "बाई, आधी मला लावा. याला दाखवू या."

"लावते की. राहिलेल्यांच्या यादीत नाव आहेच तुमचं, दोन वर्षं झाली," मशीनवरच्या बाई म्हणाल्या. "श्वास घ्या. धरून ठेवा."

"जेली फुकट जाणार तुमची. माझं जनुक..."

"बोलू नका."

यंत्र बरगडीखालून सरकत गेलं. थांबलं, मागे आलं. बाईंनी पडद्यावरच्या एका डागाच्या या कडेला एक फुली ठेवली, त्या कडेला दुसरी, आणि आकडा लिहून घेतला.

"बघितलंस?" दादाने मान वळवली. "नुसत्या गुदगुल्या."

धाकटा पडद्याकडे बघत होता. इतक्या खेपांनंतर त्याला त्यातलं थोडंफार कळू लागलं होतं. त्याने वाकून दादाच्या चपला सरळ करून टेबलाजवळ ठेवल्या.

"पुन्हा एकदा श्वास धरा," बाई म्हणाल्या.

धाकट्याची तपासणी त्यानंतर झाली. चार मिनिटं लागली. काहीही निघालं नाही.