मुठीखालची कडी

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं आणि उदगीरच्या विहिरी फेब्रुवारीतच आटल्या होत्या. मे महिन्यात एका सकाळी टँकर गल्लीत न थांबता पुढे निघाला, तेव्हा बायकांनी घागरी आडव्या ठेवून तो अडवला. चालकाच्या शेजारी तोंडाला उपरणं बांधलेला एक माणूस बसला होता. त्याने खिडकीतून हात काढून गोळी झाडली. ती नागप्पा हमालाच्या मांडीतून आरपार गेली आणि पुढे कुठे पडली, ते सापडलं नाही. हा माणूस वाटेत जबरदस्तीने चढला, आपल्या ओळखीचा नाही, असा जबाब चालकाने दिला.

टँकर मलप्पाशेटचा होता. गावातली टॉकीजही त्यांचीच. संशय मात्र टॉकीजचा ऑपरेटर करीम याच्यावर आला.

पिस्तुलांबद्दल बोलणारा गावात तो एकटाच होता. त्याचे काका मकबूल बीदरला शिकाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करायचे, तिथे तो लहानपणी बसून असे. पुढे टॉकीजमध्ये एकच सिनेमा दिवसाला तीन वेळा पाहताना त्याची नजर नटनट्यांच्या चेहऱ्यांवरून हटली आणि त्यांच्या हातावर स्थिरावली. फौजदार झालेल्या नायकाचं रिव्हॉल्व्हर आणि मागच्या महिन्यातल्या डाकूचं रिव्हॉल्व्हर एकच आहे, हे तो चहाच्या हॉटेलात नळीवरच्या ओरखड्यासकट सांगायचा. लोक हसायचे. फिल्म तुटली की जोडताना दोनचार चौकटी कापाव्या लागतात. त्यात पिस्तूल असलं तर करीम तो तुकडा पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायचा.

पोलीस चौकीतले व्यंकट जमादार टॉकीजच्या केबिनमध्ये आले, त्यांनी डबा उघडला आणि तुकडे एकेक करून बल्बसमोर धरले. गावात परवान्याची हत्यारं कुणाकुणाकडे आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण परवान्यांचं रजिस्टर अजून जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी, उस्मानाबादेतच पडलेलं होतं. एवढी चित्रं कशासाठी जमवली, असं त्यांनी तीन वेळा विचारलं. करीमने तिन्ही वेळा शौक म्हणून सांगितलं.

"शौक लोकाला पानाचा असतो," जमादार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या गल्लीतल्या रत्नम्माला केबिनमध्ये आणलं. गोळी सुटली तेव्हा ती घागर घेऊन खिडकीच्या अगदी खाली उभी होती. चेहरा तिला दिसला नव्हता, हात दिसला होता. करीम एकेक तुकडा उजेडात धरत गेला आणि ती मान हलवत गेली. एका तुकड्याशी मात्र ती थांबली.

"असलंच. पन मुठीच्या बुडाला कडी होती, बैलाच्या येसणीसारखी. ह्याला न्हाई."

सिनेमा पाहून बोलते आहे, असं जमादारांना वाटलं. करीमने ते खोडून काढलं. हे वेब्ली आहे, इंग्रजांच्या फौजेतलं रिव्हॉल्व्हर, तो म्हणाला. घोड्यावरून पडू नये म्हणून त्याला दोरी बांधतात, कडी त्यासाठीच. पण आपल्याकडे आलेल्या कुठल्याच सिनेमात कडी दिसली नाही. रत्नम्माने खरं हत्यार पाहिलं आहे.

आता जमादारांचा संशय आणखी वाढला. गावात वेब्ली कुणाकडे आहे, असं त्यांनी विचारलं. रजिस्टर आलं की कळेल, एवढंच करीम बोलला. करीमने रोज सकाळ-संध्याकाळ चौकीत हजेरी द्यायची आणि सोमवारपर्यंत हत्यार मिळालं नाही तर त्याला लातूरला न्यायचं, असं जमादारांनी ठरवून टाकलं. करीमच्या बायकोने, जोहराने, त्याच दिवशी त्याचे दोन कपडे धुऊन पिशवीत भरून ठेवले.

त्या दुपारी मध्यंतरात मलप्पाशेट स्वतः जिना चढून केबिनमध्ये आले. नोकरीच्या बारा वर्षांत ते वर आल्याचं करीमला आठवत नव्हतं, एक खंडेनवमीची पूजा सोडली तर. बाई काय म्हणाली, असं त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. करीमने वेब्लीचं सांगितलं, कडीचंही सांगितलं. मालकापासून काही लपवायची सवय नव्हती म्हणून सांगितलं, असं तो पुढे म्हणत असे. जोहराचा त्यावर विश्वास नव्हता.

शनिवारी सकाळी करीम हजेरीला गेला तेव्हा मलप्पाशेट चौकीत खुर्चीवर बसले होते आणि टेबलावर त्यांचं रिव्हॉल्व्हर होतं. परवाना उस्मानाबादचा, हत्यार वडिलांपासूनचं. लोकांच्या मनात किंतु नको म्हणून आपणच घेऊन आलो, असं ते सांगत होते. वेब्लीच होतं ते. मुठीच्या बुडाला कडी नव्हती.

जमादारांनी चडफडत ते करीमसमोर सरकवलं. गोळ्या काढलेल्या आहेत का, हे त्याने आधी पाहिलं, मग ते उलटं धरून खिडकीपाशी नेलं. सगळं लोखंड जुन्या तव्यासारखं काळवंडलेलं होतं. मुठीच्या बुडाला मात्र हरभऱ्याएवढी जागा नव्या वाटीसारखी पांढरी चमकत होती.

"सिनेमातल्यासारखंच हाय की," मलप्पाशेट म्हणाले. "कडी कुठं असती ह्याला?"

गप्प राहिलं तर सोमवार होता. बोललं तर टॉकीज नव्हती. करीमने रिव्हॉल्व्हर परत टेबलावर ठेवलं.

"मालक, खंडेनवमीला मशिनीच्या बाजूला हेच मांडलं होतं तुम्ही. कडीत झेंडूचं फूल मीच अडकवलं होतं."

जमादारांनी त्या पांढऱ्या जागेवरून अंगठा फिरवला. कडेच्या खाचेतला लोखंडाचा कीस त्यांच्या अंगठ्याला लागला. तो त्यांनी कागदावर झटकून पुडी बांधली.

"कुणाची भाकरी खातो रं तू?" मलप्पाशेटनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

जमादारांनी दार लावायला सांगितलं आणि मलप्पाशेटना खुर्चीवरून उठू दिलं नाही. हे एवढं तुला दिसलंच कसं, असं त्यांनी करीमला पुन्हा एकदा विचारलं, पण जबाब लिहून घेतला आणि सही झाल्यावर त्याला जाऊ दिलं.

सोमवारी रत्नम्माला जबाबाला यायचं आहे, हा निरोप द्यायला करीम चौकीतून थेट तिच्या गल्लीत गेला. नळाच्या कोरड्या चबुतऱ्याशी घागरींची रांग लागलेली होती. हत्यार मिळालं, मालकच होते, असं त्याने सांगितलं. बायका गोळा झाल्या. कुणीतरी मलप्पाशेटच्या नावाने बोटं मोडली, कुणीतरी करीमला पाट दिला बसायला.

रत्नम्माने सगळं ऐकून घेतलं.

"मग उद्या टँकर कोन आननार, करीमभाई?"

करीम पाटावर बसला नाही.